सातबाऱ्यावर न दिसणारा बोजा

गेले तीन वीकेंड आम्ही फ्लॅट बघत हिंडतोय. आम्ही म्हणजे मी, बायको आणि बाबा. सॅम्पल फ्लॅट, एसीची गार हवा, काचेखाली ठेवलेलं कॉम्प्लेक्सचं मॉडेल, त्यात इवलीशी झाडं आणि इवल्याशा गाड्या... तुमच्यापैकी बरेच जण ह्यातून गेला असाल. ठाण्याच्या आसपास बरेचसे नवे टॉवर बंद पडलेल्या कारखान्यांच्या जागेवर उभे राहिलेत, हे इथे राहणाऱ्यांना नव्याने सांगायला नको.

मागच्या रविवारी एका ठिकाणी बाबांनी सेल्सच्या मुलाला विचारलं, "इथे आधी काय होतं?"

"फॅक्टरी होती काका. खूप वर्षांपूर्वी बंद पडली."

"कसली?"

"ते... केमिकल की इंजिनीअरिंग, असंच काहीतरी. सर, आपण क्लबहाउस बघून घेऊ या का?"

आम्ही क्लबहाउस बघितलं. छान होतं.

परतताना बाबा म्हणाले, "तुझी आजी कुठलीही जागा बघायला गेली की पहिल्यांदा विचारायची, इथे बुजवलेली विहीर आहे का? त्याशिवाय पुढचं बोलणंच नाही." मी लहानपणी ही अंधश्रद्धा समजायचो. आता सिव्हिलवाले मित्र सांगतात की बुजवलेल्या विहिरीवर पाया घातला तर तो खचतो. म्हणजे आजीचा प्रश्न रास्त होता. ह्या जमिनीच्या पोटात काय आहे, एवढंच ती विचारत होती.

घरी येऊन मी एका मित्राच्या फ्लॅटचा सर्च रिपोर्ट मागवून वाचला. बँकेच्या वकिलाने केलेला, तीस वर्षांचा. कुणी कुणाला विकली, कुणाचं गहाण होतं, कुठला दावा चालू होता, सगळं तारीखवार. गावाकडे सातबाऱ्यावर 'इतर अधिकारा'त सोसायटीच्या कर्जाचा बोजा चढलेला दिसतो, तसं शहरातही कागदावर पैशाचा प्रत्येक बोजा दिसतो. मात्र त्या जागेवर तीस वर्षं काय बनत होतं आणि त्याचा कचरा कुठे गेला, ह्यावर एक ओळ नाही.

मग सवयीप्रमाणे दोन रात्री वाचनात गेल्या. हा प्रश्न अमेरिकेत चाळीसहून जास्त वर्षं गाजतोय, त्यासाठी कायदे झालेत, त्या कायद्यांचे घोटाळे झालेत, घोटाळ्यांवर नवे कायदे झालेत. ही गोष्ट त्याचीच. थोडी लांब आहे, चहा घेऊन बसा.

नायगरा धबधब्याजवळ त्याच नावाचं शहर आहे. १८९० च्या दशकात विल्यम लव्ह नावाच्या गृहस्थांनी तिथे एक आदर्श औद्योगिक नगरी वसवायचा घाट घातला. नदीचं पाणी कालव्याने आणायचं, उंचावरून सोडून वीज करायची आणि ती कारखान्यांना पुरवायची. तेव्हा डीसी वीज लांब नेता येत नसे, त्यामुळे कारखाने विजेपाशीच येतील असा हिशेब. पण १८९३ ची मंदी आली, एसी वीज दूरवर जाऊ लागली आणि लव्हसाहेबांचा बिझनेस प्लॅन आडवा झाला. मागे उरला एक अर्धवट खणलेला कालवा, मैलभरही नाही. त्याचं नाव लव्ह कॅनाल.

१९४२ पासून हूकर केमिकल ह्या कंपनीने त्या चरात कारखान्याचा रासायनिक कचरा टाकायला सुरुवात केली. दहाएक वर्षांत सुमारे २१ हजार टन. त्या काळच्या कायद्यात ह्याला मनाई नव्हती. मग वर माती लोटली आणि १९५३ मध्ये ती जागा शहराच्या शाळा मंडळाला विकून टाकली. किंमत १ डॉलर. खरेदीखताच्या शेवटी एक परिच्छेद होता. त्याचा मथितार्थ असा, की ह्या जागेत रसायनांच्या उत्पादनातला टाकाऊ माल भरलेला आहे, त्याची जोखीम यापुढे घेणाऱ्याची, उद्या कुणाला इजा झाली तर आमच्याकडे यायचं नाही.

मंडळाने सही केली. बांधकाम सुरू झाल्यावर खोदताना पिंपं लागली, तेव्हा इमारतीची जागा थोडी सरकवली. १९५५ मध्ये शाळा सुरू झाली. बाजूच्या प्लॉटवर घरं झाली. घरांसाठी ड्रेनेजच्या लाइनी टाकताना कालव्याची भिंत ठिकठिकाणी फुटली. घर घेणाऱ्यांच्या कागदांत तो शेवटचा परिच्छेद कुठेच नव्हता.

आयटीतल्या लोकांना ह्याची ओळख करून द्यायला नको. जुन्या प्रोजेक्टवर टाकतात, कोड लिहिणारा केव्हाच कंपनी सोडून गेलेला असतो, केटी झालेली नसते, आणि एका फोल्डरच्या तळाशी 'रीडमी' नावाची फाइल पडून असते. ती कुणी उघडलेली नसते. आपल्याकडे फार तर रात्री दोनला सर्व्हर पडतो. इथे सत्तरीच्या दशकातल्या पावसाने आणि बर्फाने जमिनीतलं पाणी वर आलं, आणि त्याबरोबर तळघरांत काळा चिकट द्रव आला.

स्थानिक वर्तमानपत्राने १९७६ पासून ह्यावर लिहायला सुरुवात केली. बातम्या वाचून लोइस गिब्ज नावाच्या एका गृहिणीला कळलं की आपला मुलगा जातो ती शाळा ह्या कचऱ्यावर उभी आहे. मुलाला फिट्स येत होत्या. शाळा बदलून मागितली, मिळाली नाही. मग ती अर्ज घेऊन दारोदार फिरली. घराघरांतून गर्भपात, व्यंग घेऊन जन्मलेली मुलं, आजारपणं असं बाहेर येऊ लागलं. तेव्हा ती २७ वर्षांची होती. म्हणजे साधारण माझ्याच वयाची, आणि मी परवा सोसायटीच्या पाण्याच्या तक्रारीवर सही करायला आळस केला. असो.

२ ऑगस्ट १९७८ ला न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य आयुक्तांनी आणीबाणी जाहीर केली. शाळा बंद, गरोदर बायका आणि दोन वर्षांखालची मुलं असतील तर घर सोडा. पाच दिवसांनी राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनीही आणीबाणी जाहीर केली. आधी कालव्याला लागून असलेल्या दोनशेहून अधिक कुटुंबांना हलवलं. बाकीच्यांना आणखी दोन वर्षं भांडावं लागलं. मे १९८० मध्ये तर रहिवाशांनी दोन सरकारी अधिकाऱ्यांना काही तास घरात अडकवून ठेवलं. त्यानंतर दोनच दिवसांत कार्टर यांनी दुसरी आणीबाणी जाहीर केली आणि उरलेल्यांचीही सोय झाली.

त्याच वर्षी, ११ डिसेंबर १९८० ला, अमेरिकेत नवा कायदा झाला. बोलीभाषेत त्याला 'सुपरफंड' म्हणतात. रसायन आणि तेल कंपन्यांवर कर लावून निधी उभा करायचा, त्यातून सगळ्यात घातक जागा साफ करायच्या, आणि गुन्हेगार सापडला तर त्याच्याकडून वसुली करायची. वसुलीचं कलम फार कडक होतं. तुमची चूक होती का, हा प्रश्न नाही. तेव्हा ते कायदेशीर होतं का, हाही नाही. जबाबदार पाच जण असतील तर एकट्याकडूनही सगळे पैसे घेता येतील. आणि जबाबदारांच्या यादीत जमिनीचा आजचा मालकही आला, मग त्याने ती कालच का विकत घेतली असेना!

न्याय म्हणून हे मला पटतं. नाहीतर एक डॉलरला जागा विकून कुणीही मोकळा होईल. ह्याच कायद्याखाली हूकरची पुढची मालक कंपनी ऑक्सिडेंटल हिने १९९५ मध्ये केंद्र सरकारला १२.९ कोटी डॉलर द्यायचं कबूल केलं.

पण प्रत्येक पॅचबरोबर एक नवा बग येतो. नेमक्या त्याच काळात अमेरिकेच्या ईशान्येकडचे आणि मोठ्या सरोवरांभोवतीचे पोलादाचे, रबराचे, गाड्यांचे कारखाने बंद पडत होते. शहराच्या मधोमध एकरच्या एकर जागा रिकाम्या. रस्ते, वीज, पाणी, रेल्वे सगळं शेजारी. पण घेणार कोण? घेतली की शंभर वर्षांचा कचरा तुमच्या नावावर. बँका कर्ज देईनात. जुने मालकही विकायला काढीनात, कारण विकायची म्हणजे तपासणी आली, आणि तपासणीत काय निघेल ह्याची धास्ती. कुलूप लावून ठेवणं सगळ्यांत स्वस्त! नवा कारखाना काढणारा मग शहराबाहेर कोऱ्या शेतजमिनीवर जायचा. मागे राहायचे ते कुलूपबंद फाटकासमोर घर असलेले, ज्यांना दुसरीकडे जाणं परवडत नव्हतं. रोजगार गेला, जागेचा कर गेला, त्या करावर चालणाऱ्या शाळा खंगल्या, आणि माती तशीच राहिली.

अशा जागांना तिकडे 'ब्राउनफील्ड' म्हणतात. ह्यातली गंमत अशी की जागा दूषित आहे हे सिद्ध व्हावंच लागत नाही. नुसत्या संशयानेही ती पडून राहते. अमेरिकेची पर्यावरण संस्था ईपीए हिच्या अंदाजाप्रमाणे अशा साडेचार लाखांहून जास्त जागा आहेत. बहुतेक काही लव्ह कॅनाल नाहीत. कुठे जुना पेट्रोल पंप, कुठे ड्रायक्लीनिंगचं दुकान, कुठे गाळे.

ह्यावरचा उतारा १९९३ मध्ये सुरू झाला. ईपीएने ओहायो राज्यातल्या कायाहोगा काउंटीला, म्हणजे क्लीव्हलंड शहर आणि परिसराला, अशा जागा पुन्हा वापरात आणायच्या प्रयोगासाठी पहिलं अनुदान दिलं, २ लाख डॉलर. (१९६९ मध्ये पाण्यावरच्या तेलाने जी नदी पेटली होती, ती हीच कायाहोगा.) दोन वर्षांनी ह्याचा देशभराचा कार्यक्रम झाला. जानेवारी २००२ मध्ये नवा कायदा आला. घेण्याआधी रीतसर चौकशी केलेल्या, प्रदूषणाशी संबंध नसलेल्या खरेदीदारावर जुना बोजा टाकायचा नाही, असं त्याने ठरवलं.

आता ही 'रीतसर चौकशी' कशी करतात? माझ्यासारख्याला सगळ्यात मजा इथे आली. पहिल्या टप्प्यात माती खणतच नाहीत, इतिहास खणतात. जागेवर एक चक्कर, जुन्या कामगारांशी आणि शेजाऱ्यांशी बोलणं, सरकारी नोंदी, जुने हवाई फोटो आणि सॅनबॉर्नचे नकाशे. १८६७ मध्ये सुरू झालेली ही सॅनबॉर्न कंपनी आगीच्या विम्यासाठी शहरांचे नकाशे काढायची. विमा कंपनीला घरबसल्या कळायला हवं की इमारत विटांची आहे का लाकडाची, बॉयलर कुठे, तेलाची टाकी कुठे. विटांची इमारत गुलाबी, लाकडी पिवळी. अशी सुमारे बारा हजार गावं आणि शहरं त्यांनी कागदावर उतरवली, आणि दर काही वर्षांनी दुरुस्त्या केल्या. आग लागली तर आपलं किती नुकसान होईल, एवढ्याच काळजीपोटी काढलेले हे नकाशे शंभर वर्षांनी दुसऱ्याच कामाला आले. ही टाकी इथे होती, म्हणजे खाली तेल झिरपलेलं असणार, हे आज त्यावरून कळतं. अमेरिकन संसदेच्या ग्रंथालयाने त्यातले बरेच नकाशे इंटरनेटवर फुकट ठेवलेत. शनिवारची रात्र कशी घालवावी असा प्रश्न असेल तर जरूर बघा. (बायकोचं मत वेगळं आहे.)

इतिहासात संशयास्पद काही निघालं तर दुसरा टप्पा: बोअर मारून माती आणि पाण्याचे नमुने लॅबला. मग सफाई. पद्धती अनेक. माती उकरून दुसरीकडे पुरायची. धुऊन घ्यायची, कारण विष बहुतेक वेळा बारीक कणांना चिकटून असतं, ते वेगळे काढले की जाड रेती-खडी पुन्हा वापरता येते. तेलासारखा पदार्थ असेल तर हवा आणि खतं देऊन मातीतल्याच जिवाणूंना खाऊ घालायचा. भूजल उपसून गाळायचं. किंवा सगळ्यात स्वस्त म्हणजे वर चिकणमातीचा किंवा डांबराचा थर देऊन झाकून टाकायचं.

आणि किती साफ करायचं? तर पुढे जागेचं काय करणार त्याप्रमाणे. विष, त्याची वाट आणि माणूस ह्या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या तरच धोका, असं हे गणित आहे. गोदाम होणार असेल, वर काँक्रीट येणार असेल, तर वाट बंद झाली. मग निकष सैल. घरं होणार, पोरं अंगणात खेळणार, तर निकष कडक. तर्क म्हणून ह्यात चूक काढता येत नाही. प्रत्येक जागा शेतासारखी शुद्ध करायची म्हटलं तर एकही होणार नाही.

पण ह्याचा अर्थ असा की विष बऱ्याचदा खालीच राहतं, आणि त्याच्यावर राखण करतो एक कागद. इथे घरं बांधू नका, विहीर खणू नका, हा थर फोडू नका, असं सांगणारा. म्हणजे पुन्हा तो १९५३ च्या खरेदीखताचा शेवटचा परिच्छेदच की! माती साफ करायचं तंत्र बरंच पुढे गेलंय. माहिती माणसांपर्यंत पोचवायचं तंत्र मात्र अजून तिथेच अडकलंय. हे जिथे दिसतं त्या गावाचं नाव ईस्ट शिकागो.

नावात शिकागो असलं तरी हे वेगळं छोटं शहर आहे, शेजारच्या इंडियाना राज्यात, मिशिगन सरोवराच्या काठी. पोलादाचं गाव. १९६० मध्ये लोकसंख्या ५७ हजारांवर होती, २०२० मध्ये २६ हजारांच्या आसपास. राहिलेले बहुतेक काळे आणि लॅटिनो. तिथे विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून शिशाचा धंदा होता. यूएसएस लेड ही कंपनी शिसं शुद्ध करायची, तो कारखाना १९८५ पर्यंत चालला. शेजारी अनाकोंडा कंपनी शिसं आणि जस्तापासून रंगात घालायचा सफेदा करायची. जवळच ड्यूपाँट शिसं आणि आर्सेनिकचं कीटकनाशक बनवायची.

अनाकोंडाचा कारखाना गेला. त्याच जागेवर १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला सरकारी गृहनिर्माण संस्थेने गरिबांसाठी ३४६ घरांची वसाहत बांधली. नाव वेस्ट कॅल्युमेट. स्वस्त भाडं, अंगणात हिरवळ, शेजारी प्राथमिक शाळा. हिरवळीच्या खाली शिसं.

शिसं तेलासारखं झिरपून जात नाही, कुजत नाही, उडून जात नाही. मातीच्या कणाला चिकटून वरच्या फूट-दोन फुटांत बसून राहतं. मोठ्या माणसाचा त्याच्याशी फारसा संबंध येत नाही. येतो तो दीड-दोन वर्षांच्या पोराचा, जे मातीत खेळतं आणि हात तोंडात घालतं. त्या वयात मेंदू घडत असतो, आणि शिशाची अमुक इतकी मात्रा निर्धोक आहे असं डॉक्टर सांगू शकत नाहीत. परिणाम काही वर्षांनी शाळेत दिसतो: लक्ष लागत नाही, अभ्यास झेपत नाही. तेव्हा त्याचा संबंध अंगणातल्या मातीशी कोण लावणार? पोरगं मठ्ठ म्हणायचं आणि सोडून द्यायचं.

कारखान्यातून उडालेलं शिसं वाऱ्याच्या दिशेने पसरलंय हे १९८५ मध्येच राज्याच्या आरोग्य खात्याला आढळलं होतं. १९९२ मध्ये ही जागा सुपरफंडच्या यादीत घालायचा प्रस्ताव आला. प्रत्यक्षात यादीत गेली ती २००९ मध्ये. २०११ मध्ये एका केंद्रीय आरोग्य संस्थेने अहवाल दिला की इथल्या मातीत खेळल्याने आरोग्याला अपाय होण्याची शक्यता नाही. २०१२ मध्ये ईपीएने सफाईचा आराखडा ठरवला: दोन फुटांपर्यंत माती काढायची, तळाशी नारिंगी जाळी अंथरायची म्हणजे उद्या खणणाऱ्याला कळेल की ह्याच्या खाली जाऊ नये, आणि वर स्वच्छ माती भरायची. २०१४ मध्ये अनाकोंडा आणि ड्यूपाँटच्या वारसदार कंपन्यांनी पैसे द्यायचं मान्य केलं. ह्या सगळ्या काळात वसाहतीत माणसं राहत होती.

जुलै २०१६ मध्ये महापौरांचं पत्र घरोघर आलं, की घरं सोडा, वसाहत पाडायची आहे. सुमारे ११०० माणसं, त्यातली सहाशेहून जास्त मुलं. अंगणांत पाट्या लागल्या की मातीत खेळू नका. घरांसाठीची तेव्हाची मर्यादा दहा लाख भागांत ४०० भाग शिसं अशी होती. काही अंगणांत त्याच्या कित्येक पट निघालं. आपल्याला आधी कुणी सांगितलं का नाही, असं विचारत आया सभांना येऊ लागल्या. महापालिका म्हणाली ईपीएने उशीर केला, ईपीए म्हणाली महापालिकेला कल्पना होती. २०१८ मध्ये त्याच आरोग्य संस्थेने नव्याने आकडे तपासले. २००५ ते २०१५ मध्ये ह्या भागातल्या मुलांच्या रक्तात वाढीव शिसं सापडण्याचं प्रमाण शहराच्या इतर भागांच्या जवळजवळ तिप्पट होतं. सात वर्षांपूर्वीचा 'अपाय नाही' हा निष्कर्ष त्यामुळे मागे पडला, पण तोवर त्याच्या भरवशावर तिथे आणखी काही पोरं रांगून मोठी झाली होती.

२०१८ मध्ये वसाहत पाडली. मग पुढे काय, ह्यावर वाद. रहिवाशांपैकी बऱ्याच जणांना तिथे पुन्हा घरांइतकी सफाई हवी होती. २०२० मध्ये ईपीएने आराखडा बदलला. जमीन उद्योगासाठी विकली गेली तर सफाई उद्योगाच्या निकषाप्रमाणे, म्हणजे सैल. तर्क तोच, वर सांगितलेला. फक्त गंमत बघा. कारखान्याच्या जागेवर घरं बांधली तेव्हा हा तर्क कुणाला आठवला नाही. घरं पाडल्यावर, सफाईचा खर्च काढताना आठवला. (आणि २०२४ मध्ये ईपीएने घरांच्या मातीतल्या शिशाची तपासणीची पातळीच ४०० वरून २०० वर आणली. म्हणजे आधी 'ठीक आहे' म्हटलेल्या मातीकडेही आता पुन्हा बघायला हवं.)

ह्या गोष्टीत आपला भारतही आहे. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळमध्ये युनियन कार्बाइडचा वायू सुटला. त्या अमेरिकन कंपनीच्या कारखान्यात काय साठवलंय आणि ते अंगावर आलं तर काय करायचं, हे भिंतीपलीकडच्या वस्तीला ठाऊक नव्हतं. पुढच्याच वर्षी त्याच कंपनीच्या अमेरिकेतल्या एका कारखान्यातही गळती झाली. तेव्हा अमेरिका खडबडून जागी झाली. १९८६ मध्ये सुपरफंड कायद्याची दुरुस्ती करतानाच त्यात एक नवा भाग जोडला: लोकांचा माहितीचा हक्क. कारखान्याने घातक साठा स्थानिक यंत्रणांना कळवायचा, आणि वर्षभरात कुठलं विष किती हवेत, पाण्यात, जमिनीत सोडलं त्याचे आकडे जाहीर करायचे. भोपाळच्या मेलेल्यांमुळे अमेरिकनांना हा हक्क मिळाला. पण हे आकडे द्यायचे चालू कारखान्यांनी. ईस्ट शिकागोचा कारखाना १९८५ मध्येच बंद झाला होता. मेलेल्या कारखान्याची केटी द्यायला कोणी नव्हतं.

भोपाळच्या आवारात पडून असलेला ३३७ टन कचरा पिथमपूरला नेऊन जाळायला २०२५ साल उजाडलं. तो उचलला ह्याचा अर्थ आवारातली माती आणि आजूबाजूच्या वस्त्यांखालचं पाणी साफ झालं असा नाही.

एवढं वाचून तुम्हाला वाटेल की ह्यात काही आशाच नाही. तसं नाही. साउथ कॅरोलायना राज्यात स्पार्टनबर्ग नावाचं गाव आहे. तिथल्या आर्कराइट ह्या काळ्या लोकांच्या गरीब वस्तीच्या एका बाजूला खताचा बंद कारखाना, दुसरीकडे जुनं डंपिंग ग्राउंड. कारखान्यासमोर वाढलेल्या हॅरॉल्ड मिचेल ह्यांनी १९९८ मध्ये शेजाऱ्यांना गोळा करून 'रीजेनेसिस' ही संस्था काढली. त्यांना ईपीएचं पहिलं अनुदान मिळालं ते फक्त २० हजार डॉलरचं. त्या पैशांत सफाई होणं शक्यच नव्हतं. तो पैसा बैठकांवर खर्च झाला: लोकांना माहिती द्यायची, काय हवंय ते विचारायचं, कंपनी, महापालिका आणि सरकारी खाती ह्यांना एका टेबलापाशी आणायचं. त्यातून वर्षानुवर्षं पैसा येत गेला, वीस कोटी डॉलरच्याही पुढे. जागा साफ झाल्या, दवाखाना झाला, नवी घरं झाली. मिचेल पुढे राज्याच्या विधिमंडळात निवडून गेले.

ईस्ट शिकागो आणि स्पार्टनबर्गमधला फरक मी शोधत होतो. कायदा दोन्हीकडे एकच, माती काढायची यंत्रं तीच. ईस्ट शिकागोत आराखडा आधी ठरला, लोकांना शेवटी कळलं. स्पार्टनबर्गमध्ये लोकांना आधी कळलं, आणि आराखडा त्यांच्यादेखत ठरला. एवढंच. निदान मला तरी एवढंच सापडलं.

आता पुन्हा ठाण्यात येऊ या. मुंबईच्या गिरण्यांच्या जमिनींबद्दल मी लहानपणापासून ऐकत आलोय, पण ऐकली ती चर्चा हिस्सा कुणाला किती, ह्याची. जमिनीखाली काय, हे मी तरी कुणाला विचारताना ऐकलं नाही. जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने दूषित जागांसाठी वेगळे नियम जाहीर केलेत. संशयित जागांची यादी करायची, तपासणी करायची, दूषित निघाली तर तसं जाहीर करायचं, आणि ज्याने घाण केली त्याच्याकडून सफाईचा खर्च घ्यायचा. कागदावर चांगलं आहे. पण अमेरिकेची गोष्ट वाचल्यावर मला यादीची तेवढी चिंता वाटत नाही. चिंता वाटते ती ही, की ती यादी फ्लॅट बघायला आलेल्या माणसाच्या हातात पडणार का? आणि फ्लॅट घेणारा निदान प्रश्न तरी विचारू शकतो. अशाच एखाद्या बंद फाटकाच्या कडेला झोपडं बांधून राहिलेल्यांनी कुणाला विचारायचं? त्यांचीही पोरं मातीतच खेळतात.

मी त्या बिल्डरला ईमेल केलीय. तीनच प्रश्न विचारलेत. इथे कोणता कारखाना होता, कधीपासून कधीपर्यंत? बांधकामाआधी माती आणि भूजल तपासलं होतं का? तपासलं असेल तर अहवाल बघायला मिळेल का? दोन स्मरणपत्रं झाली. उत्तरादाखल काल सणाच्या ऑफरचं पत्रक आलं, मॉड्युलर किचन फुकट.

बाबांना दाखवलं. ते म्हणाले, "आजी असती तर एव्हाना शेजारच्या चाळीत जाऊन कुणा म्हाताऱ्याला गाठून विचारून आली असती."

खरंच की. अमेरिकेतले कन्सल्टंट चौकशीच्या पहिल्या टप्प्यात हेच करतात, आणि त्याचे पैसे घेतात. तेव्हा येत्या रविवारी फ्लॅट बघायला जायचं नाही असं ठरलंय. त्या कॉम्प्लेक्सच्या मागच्या गल्लीत एक जुनी चाळ आहे, तिथे जाऊन बसायचं. कारखान्यात काम केलेलं कुणीतरी भेटेलच.